सत्तरीतल्या एका दुनळीची खरेदी

पार्श्वभूमी

गोव्यात म्हादईच्या खोऱ्यात, सत्तरी तालुक्यात एका बागायतदाराचं कुळागर, म्हणजे मिश्र बागायत आहे. नाव-गाव बदललं आहे, त्यांना इथे दाजी म्हणू. पोफळी, पोफळींवर चढवलेली मिरी, मधल्या जागेत केळी, खाली तीन-चार कुणगे (खाचरं) भात आणि डोंगरउतारावर काजू. रानडुकरं भात पोटरीला आलं की उतरतात, आणि पावसाळ्यात केळीचे कांदे व सुरण उकरून जातात. माकडं शहाळी पाडतात. गवे आले तर केळीची अख्खी ओळ आडवी होते.

घरात काकांची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची एकनळी बंदूक होती. काका गेल्यावर ती जमा करावी लागली आणि दाजींनी स्वतःच्या नावाने पीकसंरक्षणाच्या परवान्यासाठी अर्ज केला. शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम १३ पीकसंरक्षणासाठी मुळात ठासणीचीच बंदूक गृहीत धरतं. ती अपुरी पडते अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच किमान वीस इंच नळीची काडतुसाची गुळगुळीत नळीवाली बंदूक मिळू शकते. दाजींनी अर्जात साधी गोष्ट लिहिली: आमच्याकडे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दारू सर्दावते, ठिणगी देणारी टोपी फुसकी निघते, आणि डुकरं नेमकी त्याच दिवसांत येतात. सोबत कृषी खात्याचा पाहणी अहवाल जोडला.

दुसरी अट जागेमुळे आली. म्हादई अभयारण्य १९९९ साली जाहीर झालं. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यायचा असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. त्यामुळे पोलिसांचा अहवाल आला तरी फाइल थांबून राहिली. सगळं पार पडून परवाना हातात आला तेव्हा जून उजाडला होता.

माझा या प्रकरणातला भाग एवढाच: नेमबाजीच्या निमित्ताने जुन्या दुनळ्या, म्हणजे दोन नळ्यांच्या बंदुका, मी पुष्कळ वर्षं हाताळत आलोय. दाजींनी फोन केला, "भाई, बंदूक बघायला येशील ना?" आणि मी गेलो.

अडचण

दाजींना जुनी दुनळी हवी होती. त्यामागे हौस होती, ती त्यांनी लपवली नाही. लहानपणी एका नातेवाइकांकडे विलायती दुनळी पाहिलेली, ती मनात घर करून बसली होती. पण कारण व्यवहारीही होतं. कळप हुसकावायला एक बार पुरत नाही. पहिल्या बाराला डुकरं थबकतात, दुसऱ्याला पळतात. एकनळीत दुसरं काडतूस भरेपर्यंत ती बांधाच्या दुसऱ्या टोकाला गेलेली असतात.

बंदूक आवाजासाठीच आहे, हे आम्ही पहिल्या दिवसापासून धरून चाललो. परवाना पिकाच्या राखणीचा आहे, शिकारीचा नाही. रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत आहे, आणि गवा तर पहिल्या अनुसूचीत, शिवाय गोव्याचा राज्यप्राणी. म्हणून लांब पल्ला, अचूक चोक (छरे फार पसरू नयेत म्हणून नळीच्या तोंडाशी ठेवलेला आवळपणा), नक्षीकाम या गोष्टींना आमच्या हिशेबात किंमत नव्हती. दोन्ही नळ्या दर वेळी उडाल्या पाहिजेत, बंदूक सुरक्षित असली पाहिजे आणि तिला लागणारं काडतूस मिळत राहिलं पाहिजे, एवढीच गरज.

दाजींचं बजेट होतं पन्नास हजार, दुरुस्तीसकट. बाजार चमत्कारिक आहे. खासगी माणसाने परदेशी बंदूक आयात करण्यावर १९८० च्या दशकापासून निर्बंध आहेत, म्हणजे देशात ज्या विलायती दुनळ्या आहेत त्या तेवढ्याच. त्यामुळे मालकाला वाटतं हातात सोनं आहे. पण घेणाराही परवानाधारकच लागतो, आणि परवाना मिळालेले बहुतेक जण पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या मागे असतात. त्यात शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येऊ लागली आणि तिसरं एका वर्षात सोडावं लागलं. विक्रेते सांगतात, पुष्कळांनी सोडली ती दुनळीच. एकाच प्रकारच्या बंदुकीला एक जण पंधरा हजार सांगतो, दुसरा लाख, आणि दोघंही मनापासून सांगतात.

पहिली बंदूक: नाव आणि ठसा

तालुक्यातच एकाने दाजींना दुनळी दाखवली. बाहेर घोडे असलेली, नळ्यांवर सुंदर तपकिरी वळणं, मधल्या पट्टीवर 'रिचर्ड्स' असं इंग्रजी नाव. मालक म्हणाले, आजोबांनी पोर्तुगीज राजवटीत घेतलेली, अस्सल इंग्लिश वेस्टली रिचर्ड्स. सांगितले पंचवीस हजार. दाजींनी तिथल्या तिथे पाच हजार विसार दिला, मालकांनी पोलीस ठाण्यात विक्रीच्या इराद्याचं पत्र दिलं, आणि मला फोन आला तो यानंतर.

खासगी माणूस आपली बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकू शकतो, पण आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला घेणाऱ्याच्या नावा-पत्त्यासह लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं. घड्याळ चालू झालं होतं, आणि बंदूक उघडून कुणी पाहिली नव्हती.

मालकांच्या ओसरीवरच आम्ही नळ्या उतरवल्या. जुन्या बंदुकीची जन्मपत्रिका नळ्यांच्या पोटाला, लाकडाखाली झाकलेल्या भागात असते. वरचं नाव कुणीही कोरू शकतं. प्रूफ हाउसचा, म्हणजे नळ्या तपासणाऱ्या अधिकृत केंद्राचा ठसा मात्र नळीत नेहमीपेक्षा जास्त दारूचा बार उडवून, ती टिकल्यावरच मारलेला असतो. इथे लंडनचे किंवा बर्मिंगहॅमचे ठसे नव्हतेच. लंबवर्तुळात 'ईएलजी' अशी अक्षरं होती, म्हणजे बेल्जियममधल्या लिएजची बंदूक. नामांकित इंग्लिश नावांशी मिळतीजुळती नावं कोरून तिथल्या कारागिरांनी त्या काळी जगभर बंदुका पाठवल्या. मालक फसवत नव्हते. आजोबांनी जे सांगितलं तेच ते सांगत होते.

बेल्जियन असणं हा दोष नव्हे, लिएजमध्ये उत्तम बंदुका बनल्या आहेत. अडलं दुसऱ्याच गोष्टीवर. ती तपकिरी वळणं दमास्कस नळीची होती. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गजाभोवती गुंडाळून, तापवून जोडलेली नळी. काळ्या दारूच्या जमान्यात ती उत्तम होती. आजच्या बिनधुराच्या दारूचा दाब नळीत पुढपर्यंत टिकून राहतो, आणि शंभर वर्षांच्या सर्द हवेत जोडांच्या आत गंज कुठवर गेलाय ते वरून दिसत नाही. बिनधुराच्या दारूवर तपासलेल्या लिएजच्या नळीवर १८९८ पासून सिंहाचं चित्र आणि 'पीव्ही' असा वेगळा ठसा मारत. टॉर्च लावून दोन्ही नळ्यांची पोटं आम्ही दोनदा पाहिली. सिंह नव्हता.

आज दुकानात मिळतं ते काडतूस या बंदुकीत घालायचं नाही, एवढंच त्यातून निघत होतं. भिंतीवर लावायला ती सुंदर होती, कुळागरात नेण्याजोगी नव्हती. मालकांना ठसा दाखवला, समजावलं. त्यांनी विसारातले तीन हजार परत केले, पत्र मागे घेतलं. दोन हजार आणि जवळजवळ महिना गेला. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महाग पडलेली ओसरी तीच.

समोर राहिलेले पर्याय

शेजारच्या राज्यातल्या एका विक्रेत्याकडे इंग्लिश दुनळी होती, कलकत्त्याच्या रॉडा कंपनीचं नाव कोरलेली. रॉडा, मँटन ही कलकत्त्यातली दुकानं बर्मिंगहॅममध्ये बनलेल्या बंदुका आपल्या नावाने विकत. वस्तू चांगली असू शकते, पण नाव दुकानदाराचं. सांगितलेली किंमत पंच्याऐंशी हजार. शिवाय दाजींचा परवाना गोव्यापुरता, सीमेपलीकडून बंदूक आणायची तर आणखी परवानग्या. हा पर्याय आम्ही फोनवरच सोडला.

गोव्यातल्याच एका विक्रेत्याकडे ईशापूरच्या सरकारी कारखान्याची वापरलेली दुनळी होती, बत्तीस हजारांना. माझा कल हिच्याकडे होता. साधी, दणकट, आजच्या काडतुसासाठीच बनलेली, सुटे भाग मिळण्यासारखे. नळ्या उजेडाकडे धरून आतून पाहिलं, तर उजव्या नळीत तोंडापासून वीतभर मागे सावलीचं एक कडं दिसलं. बाहेरून बोट फिरवल्यावर तिथे अगदी हलका फुगवटा लागला. कधीतरी नळीत चिखल किंवा कापसाचा बोळा अडकलेला असताना बार काढला गेला असणार. पोचा कारागीर काढू शकतो, पण फुगलेल्या नळीचं पोलाद ताणलेलं असतं. विक्रेता पाच हजार कमी करायला तयार झाला. आम्ही नाही म्हटलं.

तिथेच मागच्या कपाटात तिसरी होती. डिचोलीकडच्या एका घरातल्या वडीलधाऱ्यांची. ते वारल्यावर घरच्यांनी ती विक्रेत्याकडे सुरक्षित ठेवीत जमा केली होती. परवानाधारक गेला की बंदूक घरात ठेवणं बेकायदा ठरतं, ती ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. वारसांना ती स्वतःच्या नावे परवाना काढून परत घेता येते, किंवा पात्र माणसाला विकायला लावून पैसे घेता येतात. या घरात कुणालाच परवाना नको होता, आणि ठेवीचं भाडं चढत होतं.

मला वाटतं, जुन्या दुनळीचा खरा सौदा अशाच कपाटांत असतो. जाहिरातीत येणारी बंदूक बहुधा आधी कुणीतरी नाकारलेली असते. ठेवीतली बंदूक कुणी पाहिलेलीच नसते.

तपासणी

कपाटातली ती तिसरी बंदूक: वेब्ली अँड स्कॉट, बर्मिंगहॅम. बिनघोड्यांची, म्हणजे घोडे आत, लोखंडी पेटीत असलेली साधी बॉक्सलॉक, इजेक्टर (उडालेलं काडतूस आपोआप बाहेर फेकणारा भाग) नसलेली. इजेक्टर नसल्यामुळे काडतूस बोटांनी ओढून काढावं लागतं. संग्राहकाच्या लेखी त्याने किंमत उतरते, आमच्या लेखी मोडण्यासारखा एक भाग कमी. नळ्यांच्या पोटाला मुकुटाखाली 'एनपी', म्हणजे बिनधुराच्या दारूवर तपासलेली. चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, अडीच इंच.

दस्त्यापुढचं लाकूड काढून, नळ्या जोडलेल्या ठेवून बंदूक हलवली. बिजागरीत किंचित खडखड होती. नळ्या सुट्या करून एका बोटावर टांगल्या आणि नखाने टिचकी मारली. घंटेसारखा आवाज घुमत राहिला, म्हणजे दोन नळ्यांमधली डाख शाबूत. डाख सुटली असती तर आवाज बद्द आला असता, आणि सुटलेल्या पट्टीखाली पाणी शिरलं की आपल्याकडच्या चार महिन्यांत नळी बाहेरून आत कुजत जाते. आतून पाहताना मागच्या भागात बारीक खड्डे दिसले, उथळ. डाव्या नळीला दोन पोचे. मुठीपाशी, लाकूड लोखंडाला भिडतं तिथे, केसाएवढी भेग. डमी काडतुसं घालून चाप ओढले: उजवा स्वच्छ, डावा घोडा आळसावलेला.

तेलाचा वास घेतला आणि कारण कळलं. वर्षानुवर्षं खोबरेल. खोबरेल खवट होतं, धूळ धरतं आणि आतल्या भागांवर चिकट थर बसतो. आपल्याकडच्या कित्येक बंदुका यामुळेच रुसलेल्या असतात. मालकाला वाटतं स्प्रिंग मेली, आणि दुरुस्ती असते ती फक्त धुण्याची. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे चामड्याचा गलेफ. पावसाळाभर बंदूक गलेफात ठेवली की चामडं ओल धरून ठेवतं. ही सुदैवाने उघडी ठेवलेली होती.

एका परवानाधारक कारागिराला दाखवली. त्याने नळ्यांची जाडी मोजली, ती पुरेशी होती. पोचे काढणं, बिजागरी घट्ट करणं, भेग भरणं, आतून धुणं: साडेसहा हजार. जाडी मोजल्याशिवाय मी जुनी दुनळी कुणालाच घेऊ देणार नाही. खड्डे दिसू नयेत म्हणून आतून घासून चकचकीत केलेली नळी सगळ्यात फसवी, कारण ती आरशासारखी दिसते आणि पातळ झालेली असते.

किमतीचा निर्णय

विक्रेता म्हणाला, "तीस हजार सांगा, देतील. त्यांना मोकळं व्हायचंय." दाजींनी विचारलं, "भाई, काय करूया?"

तीस म्हटलं असतं तर मिळाली असती, याबद्दल मला शंका नाही. पण आम्ही आधी डिचोलीला गेलो. त्या घरातल्या काकी, म्हणजे वारलेल्या मालकांच्या पत्नी, चहा करून बाहेर आल्या, बंदुकीबद्दल फारसं बोलल्या नाहीत. "ती मुंबईला नोकरीला असताना घेतलेली, खंडेनवमीला पुजायचे," एवढंच. दाजींनी त्यांना स्पष्ट सांगितलं की बंदूक चांगली आहे, दुरुस्ती एवढी आहे, आणि दुरुस्त झालेल्या अशा बंदुकीचा भाव पन्नासच्या आसपास धरला तर ते बेचाळीस देऊ शकतात. काकी म्हणाल्या, "मुलांना विचारून सांगते."

बारा हजार जास्त देणं परवडणाऱ्या सौद्यात बसतं का, हा प्रश्न मला नंतर काही जणांनी विचारला. माझं उत्तर व्यवहारीच आहे. संमती सगळ्या वारसांची लागते. एक मुलगा पुण्यात, एक मुलगी आखातात. भाव पाडून घेतलेल्या सौद्यात एकाने जरी सही अडवली असती तर बंदूक कपाटातच राहिली असती. इथे दोन्ही संमतिपत्रं पाच आठवड्यांत आली. आणि खरं सांगायचं तर, नवरा गेलेल्या बाईसमोर बसून तिची चीज कमी लेखणं दाजींना जमलं नसतं, मलाही नाही.

कागदांची अडचण

संमती आल्यावर विक्रेत्याने परवान्याचं पुस्तक आणि बंदूक ताडून पाहिली. नळीवरच्या क्रमांकातले दोन आकडे पुस्तकात उलटे होते. जुन्या पुस्तकातून नव्यात हाताने उतरवताना कधीतरी झालेली चूक, आणि पुढच्या प्रत्येक नूतनीकरणात तीच उतरत गेलेली. बंदूक तीच, पण कागदावर ती वेगळी. क्रमांक दुरुस्त होईपर्यंत विक्री होऊ शकत नव्हती. अर्ज, नळी-लोखंड-लाकूड तिन्हींवरच्या क्रमांकांचे फोटो, प्रत्यक्ष पाहणी, यांत सहा आठवडे गेले.

तोवर ऑक्टोबर सरला. वरचे दोन कुणगे डुकरांनी लोळवले. दाजी आणि त्यांचा मुलगा रात्री माळ्यावर बसून डबे वाजवत, फटाके लावत होते. त्या दिवसांत त्यांनी मला एकदाही बोल लावला नाही, पण मला ते लागून राहिलं.

काय झालं

डिसेंबरात बंदूक दाजींच्या परवान्यावर चढली. बेचाळीस, अधिक दुरुस्तीचे साडेसहा, अधिक गेलेल्या विसाराचे दोन. साडेपन्नास हजार, म्हणजे बजेटपेक्षा पाचशे जास्त.

काडतुसांचा प्रश्न मी आधीच धरून ठेवला होता. अडीच इंच म्हणजे ६५ मिलिमीटर. सत्तर मिलिमीटरचं काडतूस या चेंबरमध्ये बिनतक्रार बसतं, आणि धोका तोच आहे. उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. डब्यावर लांबी वाचल्याशिवाय डबा घ्यायचा नाही, हे दाजींनी मुलालाही शिकवलं.

पुढच्या पावसाळ्यात दोन्ही नळ्या प्रत्येक वेळी उडाल्या. मधल्या निवडणुकीत आचारसंहितेमुळे बंदूक ठाण्यात जमा करावी लागली. जमा करण्याआधी त्यांनी आतून-बाहेरून बंदुकीचं तेल लावलं, प्रत्येक बाजूचा फोटो काढला आणि पावती परवान्याला टाचून ठेवली. परत आली तेव्हा काही बिघडलेलं नव्हतं.

पुन्हा करायचं झालं तर

विसार तपासणीनंतर. यावर दाजींचं आणि माझं दुमत नाही.

दुमत आहे ते ईशापूरच्या बंदुकीवर. ती एक फुगलेली निघाली म्हणून आम्ही तो पर्यायच सोडला, आणि ते चूक होतं असं मला वाटतं. दुसरी ईशापूर शोधायला हवी होती. तीस-पस्तीस हजारांत धडधाकट मिळाली असती, सत्तर मिलिमीटरची चालली असती, आणि कदाचित ऑक्टोबरच्या आधी हातात आली असती. दाजी हे मानत नाहीत. ते म्हणतात, वेब्ली त्यांच्या मुलाच्या मुलापर्यंत जाईल. तेही खरं असू शकतं.

वेळेचा हिशेब मात्र उलटा मांडायला हवा होता. भात पोटरीला कधी येणार ते ठाऊक होतं. तिथून मागे मोजत पंचेचाळीस दिवस, कागदांचे दोन महिने, कारागिराचे पंधरा दिवस धरले असते, तर परवाना हाती येण्याची वाट न बघता बंदुका बघायला मार्चमध्येच सुरुवात केली असती. बघायला परवाना लागत नाही.

आणि एक गोष्ट काकींना पहिल्याच दिवशी विचारायची राहिली: बंदुकीबरोबरचं बाकीचं सामान कुठे आहे? आम्ही विचारलं नाही, त्यांनाही आठवलं नाही. मे महिन्यात माळा साफ करताना एक पत्र्याची पेटी निघाली आणि त्यांनी ती नातवाबरोबर दाजींकडे पाठवून दिली. आत तीन तुकड्यांची साफ करायची काठी, पितळी तेलाची कुपी, आणि मुंबईच्या दुकानाची मूळ पावती घडी करून ठेवलेली. पावतीवर बंदुकीचा क्रमांक शाईने, ठळक अक्षरांत होता. बरोबर.